घरून हाताने बनवलेल्या वह्या-पाकिटांचा व्यवसाय: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ वर्षं मी पुण्यात, राहत्या घराच्या एका खोलीत हाताने वह्या शिवते. जोडीला आहेराची पाकिटं, संक्रांतीच्या वाणासाठी छोट्या वह्या आणि पत्र लिहायचे कागद असतात. प्रदर्शनात, फोनवर, लग्नकार्यात भेटणारी माणसं तेच प्रश्न विचारतात आणि उभ्याउभ्या दिलेल्या उत्तरात निम्मं राहून जातं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. भावाचे आकडे माझ्या हिशेबातले आहेत. तुमच्या गावी कागदाचा दर वेगळा असेल, पण हिशेबाची रीत हीच.

मला चित्रं काढता येत नाहीत. तरी जमेल का?

जमेल. वही लिहिण्यासाठी असते, हे एकदा मनात पक्कं केलं की ही भीती जाते. प्रदर्शनात गिऱ्हाईक मुखपृष्ठ बघून वही उचलतं हे खरं, पण पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत येतं ते वेगळ्या कारणासाठी: वही उघडल्यावर सपाट पडली, शाई फुटली नाही, पानं सुटली नाहीत. माझी सगळ्यात जास्त खपणारी वही साध्या मातकट हातकागदाची आहे, तिच्यावर एकही चित्र नाही. चित्र विकत घेता येतं, ठशाने उमटवता येतं. शिवण मात्र हातातच यावी लागते, आणि ती सरावाने येते. पहिल्या वीस वह्या घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी करा. त्यांनी त्या खरोखर वापराव्यात असा आग्रह धरा आणि सहा महिन्यांनी त्या वह्या परत मागून बघा. कुठे दोरा सैल झालाय, कुठे कोपरा उकललाय, ते तिथे दिसेल.

सुरुवात कोणत्या वस्तूपासून करावी?

एकाच वस्तूपासून. वह्या, बुकमार्क, शुभेच्छापत्रं, पेन ठेवायचे डबे हे सगळं पहिल्याच महिन्यात करायला घेतलं की प्रत्येकाचा उरलेला कागद घरात साठतो आणि हात एकाही गोष्टीवर बसत नाही.

हातात पैसे कमी असतील तर आहेराच्या पाकिटांपासून सुरू करा. कागद थोडा लागतो, घडी आणि चिकटवणं एवढंच काम असतं, आणि आपल्याकडे लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत काहीही असलं तरी पाकीट लागतंच. वरच्या बाजूला रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट लोक आवर्जून मागतात. वहीकडे वळायचं तर आधी पातळ, मधोमध शिवलेली एका घडीची वही करा. जाड पुठ्ठ्याची नंतर.

एक सुचवणी, कारण या बाजूला फार कमी लोक वळलेत: मराठी लिहिणाऱ्यांसाठी वह्या करा. लहान मुलांना अक्षर वळवायला दुरेघी आणि चौरेघी वह्या लागतात, आणि चांगल्या कागदावरची चौरेघी वही सहज मिळत नाही. मोडी लिपी शिकणारेही बरेच आहेत. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. त्यांना ठळक वरच्या रेघेची, रेघांमध्ये भरपूर जागा असलेली वही दिली तर ते दुवा देतात.

कागद कोणता घ्यायचा आणि कुठून?

आतल्या पानांसाठी गिरणीचा कागद आणि मुखपृष्ठासाठी हातकागद, अशी वाटणी मी केली आहे. आतला कागद ८० ते १०० जीएसएमचा असावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद साधारण ७०-८० जीएसएमचा असतो, त्यामुळे हाताला अंदाज येतो. शाईचं पेन वापरणाऱ्यांसाठी १००च्या खाली उतरू नका.

हातकागद सुती चिंध्यांपासून होतो, मुख्यतः होजियरीच्या कारखान्यात उरणाऱ्या कापडाच्या तुकड्यांपासून. त्यात लाकडाचा लगदा नसल्यामुळे तो चिवट असतो आणि घडीवर लवकर तुटत नाही, म्हणून मुखपृष्ठाला उत्तम. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. एकदा तिथे जाऊन चाळणीवर कागद उचलताना बघा, पुस्तकातून न कळणाऱ्या चार गोष्टी कळतील. दौलताबाद-खुलदाबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात ही कला शतकानुशतकं चालत आली आहे, गावाचं नावच कागद बनवणाऱ्या कागजींवरून पडलं. आज देशात हातकागदाचा मोठा व्यापार जयपूरजवळच्या सांगानेरमधून चालतो.

हातकागदावर लिहायचं असेल तर आधी थेंबभर शाई टाकून बघा. ज्या कागदाला नीट खळ दिलेली नाही त्यावर शाई फुटते. आपल्याकडचे जुने कागदी तावाला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत असत, बोरूची शाई पसरू नये म्हणून. आजही ‘लिहिण्याचा हातकागद’ असं स्पष्ट सांगूनच मागवावा, नाहीतर नुसता शोभेचा मिळतो.

खरेदीसाठी पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट. पहिल्या खेपेला रीम, म्हणजे ५०० तावांचा गठ्ठा, घेऊ नका. दोन-चार ताव मागा, घरी आणून वही करून बघा, मग मोठी खरेदी.

कागदाचा ‘ग्रेन’ म्हणजे काय? खरंच एवढं महत्त्वाचं आहे का?

आहे. पहिल्या वर्षी माझ्या निम्म्या वह्या यामुळेच बिघडल्या.

गिरणीत कागद तयार होताना त्यातले तंतू यंत्राच्या दिशेने पडतात. तंतूंची ही दिशा म्हणजे ग्रेन. त्या दिशेने कागद सहज मोडतो, सरळ फाटतो. उलट दिशेने मोडला तर घडी खरखरीत पडते. वहीच्या पाठीला ग्रेन समांतर असेल तर पानं अलगद उलटतात आणि वही सपाट पडते. तो आडवा आला तर पानं ताठ उभी राहतात आणि खळीचा ओलावा लागल्यावर पाठीजवळ कागदाला लाटा येतात, कारण ओला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो.

ओळखायचं कसं? कागदाचा छोटा चौकोन कापा, एक बाजू पाण्याने पुसा. तो सुरळीसारखा वळेल. सुरळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला ग्रेन. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो, तो दोन्ही हातांनी हलकेच वाकवून कळतो. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे तिथे ही चिंता जवळपास नाही.

एका वहीला कागद किती लागतो?

आपल्या बाजारात २३ × ३६ इंचाचा ताव सर्रास मिळतो. त्याचे ११.५ × ९ इंचाचे आठ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की दोन पानं, म्हणजे एका तावात १६ पानं, ३२ पृष्ठं. कडा छाटल्यावर साडेपाच बाय साडेआठ इंचाची डेमी आकाराची वही होते. ९६ पानांच्या, म्हणजे १९२ पृष्ठांच्या वहीला सहा ताव लागतात. तावाचा ग्रेन ३६ इंचाच्या बाजूने असेल तर असं कापल्यावर तो आपोआप पाठीला समांतर येतो. घेताना दुकानदाराला एवढं विचारून घ्या.

हे ४८ तुकडे चार-चारच्या गठ्ठ्यात एकात एक घालायचे, की बारा फॉर्म होतात. छापखान्यात फॉर्म म्हणतात, जुने बाइंडर जुज म्हणतात. प्रत्येक फॉर्मच्या घडीवर पाच भोकं, मेण लावलेला दोरा, आणि प्रत्येक फॉर्म आधीच्या फॉर्मला साखळीच्या टाक्याने बांधत जायचं.

कागदाचा दुकानदार किलोवर भाव सांगतो. गोंधळू नका. ताव मीटरमध्ये मोजा, लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, म्हणजे एका तावाचं वजन ग्रॅममध्ये. २३ × ३६ इंचाचा ८० जीएसएमचा ताव सुमारे ४३ ग्रॅमचा भरतो, ५०० तावांची रीम सव्वाएकवीस किलोच्या आसपास. रिक्षाने आणायची की नाही, हेही त्यावरून ठरवता येतं.

हत्यारं कोणती लागतात? किती खर्च येईल?

धारदार कटर आणि भरपूर पाती, जाड स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, चांभाराची आर किंवा बारीक दाभण, बोथट टोकाच्या सुया, सुती किंवा लिननचा दोरा, मधमाशीचं मेण, दोन रुंद ब्रश. घडी दाबायला हाडाची पट्टी मिळते, नसेल तर जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीची गोल कड चालते. दाब देण्यासाठी प्लायवूडचे दोन तुकडे आणि कागदात गुंडाळलेल्या चार विटा. माझ्या घरी आजही जात्याची एक तळी याच कामाला आहे.

पाच ते आठ हजारांत कागदासकट सुरुवात होते. कापण्याचं यंत्र घेऊ नका. छापखान्यांच्या आळीत कटिंगवाले असतात, त्यांच्याकडून ताव कापून आणा आणि शिवलेल्या वह्यांच्या कडाही तिथेच छाटून घ्या. पात्यांवर मात्र काटकसर करू नका. बोथट पातं कागद फाडतं आणि जोर लावावा लागला की बोट कापतं.

पुठ्ठा वाकतो. काय चुकतं?

पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला असेल तर तो वाकणारच. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दुसऱ्या बाजूनेही कागद चिकटवला की दोन्ही ओढी एकमेकींना आवरतात. मुखपृष्ठाचा कागद, पुठ्ठा आणि अस्तराचा कागद या तिघांचा ग्रेन एका दिशेला ठेवा. चिकटवल्यावर लगेच वजनाखाली आणि पूर्ण चोवीस तास तिथेच. घाईने बाहेर काढलेली वही दुपारपर्यंत सरळ दिसते आणि संध्याकाळी होडीसारखी होते.

खळ की फेव्हिकॉल? दोन्ही. पाठीला फेव्हिकॉल, कारण तो वाळल्यावर लवचिक राहतो. मोठ्या पृष्ठभागावर कागद पसरायला मैद्याची शिजवलेली खळ, कारण ती हळू वाळते आणि कागद सरकवून बसवायला वेळ देते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतील किंवा वही मुलांसाठी असेल तर अजिबात वापरू नका, खळ रोज ताजी करा.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर मी नवा माल कमी करते. तिसऱ्या वर्षी चाळीस तयार वह्या माळ्यावर ठेवल्या होत्या. गणपतीत काढल्या तेव्हा अस्तरावर बुरशीचे ठिपके होते. त्यातली एकही विकली नाही. चूक सरळ होती: खळ आतून पूर्ण वाळण्याआधीच वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्या होत्या.

तेव्हापासून वही निदान आठवडाभर उघड्यावर वाळते, मगच पिशवीत जाते. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, कागद जमिनीवर कधीच नाही, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा सगळा माल हलवते. कोकणात राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यात फक्त शिवण करावी आणि चिकटवणं दसऱ्यापर्यंत पुढे ढकलावं, असं माझं मत आहे.

किंमत कशी ठरवायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि इथेच सगळ्यात जास्त जणी चुकतात. कागदाचा खर्च काढतात, त्यात थोडे पैसे मिळवतात आणि स्वतःची मजुरी धरतच नाहीत. ‘मी घरीच तर असते’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ऐकलं की पोटात तुटतं. घरी असलेल्या बाईचा तास फुकट नसतो.

वर सांगितलेल्या १९२ पृष्ठांच्या वहीचा माझा हिशेब असा. आतला कागद २६ रुपये, पुठ्ठा १८, मुखपृष्ठाचा हातकागद २५ (२२ × ३० इंचाचा शंभर रुपयांचा ताव, त्यात चार मुखपृष्ठं), अस्तर १०, दोरा, खळ आणि पाठीला लावायचं जाळीचं कापड ६, वेष्टन १०. झाले ९५. एकेक वही सुटी करायला माझी ७० मिनिटं जातात. तासाला १२० रुपये धरले तर मजुरी १४०. आता २३५. वीज, पाती, बिघडलेला माल यांचे दहा टक्के घातले की साधारण २५९ रुपये. ही वही मला पडलेली किंमत, नफा यात अजून नाही.

दुकानदार ४० टक्के कापतो. छापील किंमत ४५० ठेवली तर त्याचे १८० जातात, माझ्या हातात २७० येतात, म्हणजे ११ रुपये सुटतात. थेट विकली तर १९१ सुटतात, पण त्यातून स्टॉलचं भाडं आणि दिवस जातात. म्हणून किंमत ठरवताना नेहमी दुकानाचा वाटा धरूनच ठरवा, आणि थेट विकताना ती कमी करू नका. तुम्ही स्वतः ३०० ला विकत असाल तर ४५० ला विकणारा दुकानदार तुमचा माल पुन्हा ठेवणार नाही.

‘बाजारात वही साठ रुपयांना मिळते,’ असं कुणी म्हणालं तर?

मिळते, आणि ती चांगली असते. मी तसंच सांगते. मग माझी वही मधोमध उघडून टेबलावर ठेवते, हात काढून घेते. ती उघडी राहते. पाठ दाखवते, टाके दाखवते. पटलं तर घेतात, नाही पटलं तर नमस्कार करून जातात. भाव मात्र पाडत नाही. एकदा पाडला की शेजारच्या स्टॉलवर उभी असलेली त्या गिऱ्हाइकाची जाऊ येते आणि तोच भाव मागते.

विकायचं कुठे?

पहिल्या शंभर वह्या ओळखीतच जातात. व्हॉट्सॲप बिझनेसवर फोटो, आकार, पृष्ठसंख्या, किंमत नीट लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहू नका, अर्धे लोक तिथेच थांबतात. इन्स्टाग्रामवर तयार वहीच्या फोटोपेक्षा शिवतानाचा व्हिडिओ जास्त बघितला जातो.

प्रदर्शनाचा हिशेब आधी कागदावर मांडा. तीन दिवसांचं भाडं सहा हजार असेल तर नुसतं भाडं निघायला थेट विक्रीच्या ३२ वह्या जाव्या लागतात. रिक्षा, जेवण आणि मदतीला आणलेल्या मुलीचे पैसे वेगळे. म्हणून सुरुवातीला सोसायटीतलं दिवाळी प्रदर्शन, शाळेची आनंदजत्रा, महिला मंडळ. बचत गटात असाल तर राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानामार्फत महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला अर्ज करता येतो. भीमथडी जत्रा किंवा काळा घोडा महोत्सव आधी दोन वर्षं गिऱ्हाईक म्हणून फिरून बघा.

दुकानदार ‘माल ठेवून जा, विकला की पैसे देतो’ म्हणतात. ही पद्धत वाईट नाही, पण दोन प्रतींत चलन करा: किती नग, काय किंमत, किती टक्के, हिशेब कोणत्या तारखेला, खराब झालेल्या मालाचं काय. मी एका दुकानात तोंडी बोलण्यावर पंचवीस वह्या ठेवल्या होत्या. वर्षाने सात परत आल्या, बाकीच्यांचा हिशेब कधीच लागला नाही.

वर्षात कोणता काळ चांगला?

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीपूजन असतं, छोटे व्यापारी आजही लाल वही मागतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, मग पाकिटं. डिसेंबरात नव्या वर्षाच्या डायऱ्या.

आणि वाण! संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी हळदीकुंकू होतं, आणि प्लॅस्टिकच्या डब्यांना लोक कंटाळले आहेत. हातात मावेल एवढी छोटी वही, मुखपृष्ठावर ‘किराणा’ किंवा ‘दूध-पेपरचा हिशेब’ असं सुबक अक्षरात, चाळीस-पन्नास रुपयांना. एकेक बाई तीस ते शंभर नग घेते. वाणाच्या ऑर्डरी नोव्हेंबरअखेर घ्यायला लागा आणि २५ डिसेंबरला बंद करा. शेवटच्या आठवड्यात आलेली ऑर्डर नाकारताना जीव जड होतो, पण घाईत शिवलेली वही शंभर घरांत जाते.

जूनमध्ये शाळेच्या वह्यांच्या मागे लागू नका. तिथे यंत्राशी गाठ आहे.

नोंदणी, जीएसटी, परवाने कोणते लागतात?

उद्यम नोंदणी करा. आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. पैसे मागणाऱ्या दलालांच्या संकेतस्थळांपासून सावध राहा. गुमास्त्याबाबत, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीबाबत: महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार वीसपेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) कामगार असलेल्यांना नोंदणी नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. बँकेत चालू खातं काढताना ती पावती उपयोगी पडते.

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण ही सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. इंदूरच्या किंवा बेळगावच्या गिऱ्हाइकाला पार्सल पाठवलं की ती आंतरराज्य विक्री होते आणि तिला सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. ठराविक हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, ते सीएकडून लिहून घ्या. ऑनलाइन बाजारपेठांवर बिननोंदणीच्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या राज्यापुरती विक्री करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या वह्यांवरचा कर शून्य झाला, पण डायऱ्या आणि रजिस्टरं त्यात येत नाहीत, तिथे १८ टक्के आहे. त्यामुळे बिलावर वस्तूचं नाव लिहिताना ‘वही’ की ‘डायरी’, याचा विचार करा.

नाव गाजायला लागलं तर ट्रेडमार्क. स्टेशनरी १६ व्या वर्गात येते. व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षं टिकते.

वेष्टनावर काय छापावं लागतं?

आधीच बांधून ठेवलेल्या मालावर वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नगसंख्या, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. वहीवर आकार आणि पृष्ठसंख्याही द्या. घरचा पत्ता छापायला अनेक मुली कचरतात आणि त्यांची काळजी रास्त आहे. नवऱ्याचं, भावाचं दुकान किंवा कार्यालय असेल तर तिथला पत्ता व्यवसायाचा म्हणून नोंदवा. संपर्कासाठी वेगळं सिमकार्ड घ्याच.

वहीवर कवितेच्या ओळी छापू का?

कुणाच्या, त्यावर अवलंबून. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्या ओव्या-अभंग मोकळे आहेत. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविताही. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. ‘सगळेच छापतात’ हे उत्तर नाही. ज्यांच्या शब्दांवर आपली वही विकली जाते त्यांच्या वारसांना विचारणं हे साधं सौजन्य आहे.

फॉण्टचंही तसंच. मुक्ता, बालू यांसारखे देवनागरी फॉण्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यवसायासाठी बिनधास्त वापरा. आणि मराठी वळणाचा ल आणि श येतो ना, ते तपासा. हिंदी वळणाचा ल मराठी वाचकाच्या डोळ्याला लगेच खुपतो.

नावं घालून ऑर्डर घेताना काय काळजी घ्यावी?

मजकूर गिऱ्हाइकाकडून लेखी मागवा, मांडणी करून परत पाठवा, ‘हेच छापा’ असं उत्तर आल्याशिवाय हात लावू नका. निम्मी रक्कम आधी. मी एकदा दीडशे पाकिटांवर ‘शुभाशिर्वाद’ असं ऱ्हस्व छापलं. शब्द ‘शुभाशीर्वाद’ असा आहे. वधूची आजी निवृत्त शिक्षिका होती, तिने एका नजरेत पकडलं. रात्री जागून सगळी पुन्हा केली, कागदाचे पैसे माझे गेले. आता कोणतंही अक्षर छापण्याआधी शब्दकोश उघडते.

कर्ज घ्यावं का?

पहिल्या वर्षी नको. नंतर लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. मोठं काम उभारायचं असेल तर पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) महिलांना स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के घालावा लागतो, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. पण ती योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी सगळं सुरू करून मग अर्ज केला तर बसत नाही.

पार्सल कसं पाठवायचं?

वहीचे कोपरे चेपतात, म्हणून कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या, वर मेणकागद किंवा पिशवी, मग खोकं. खोकं बेताचं घ्या. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचेच पैसे लावतात. टपालात २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. खेड्यापाड्यात अजूनही टपालाइतकं खात्रीने कुणी पोचत नाही.

महिन्याला किती सुटतात?

रोज चार तास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ८८ तास. ७० मिनिटांना एक वही धरली तर ७५ वह्या. मजुरीचे १०,५०० रुपये. ५० वह्या दुकानात गेल्या तर त्यांचे साडेपाचशे, २५ थेट विकल्या तर सुमारे पावणेपाच हजार, त्यातून स्टॉलचा खर्च वजा. आणि हे सगळ्या ७५ विकल्या गेल्या तर. फोटो काढणं, फोनवर बोलणं, कागद आणणं यांचे तास यात धरलेले नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागतं.

वाढवायची जागा आहे ती मिनिटांत. एकेक वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू नका. सोमवारी वीस वह्यांच्या घड्या, मंगळवारी भोकं, मग दोन दिवस नुसती शिवण, शुक्रवारी पुठ्ठे. भोकांसाठी पुठ्ठ्याचा एक साचा करून ठेवा, म्हणजे प्रत्येक फॉर्मला मोजमाप करावं लागत नाही. अशा घाण्याने माझी एक वही ७० वरून ४५ मिनिटांवर आली. त्याच ८८ तासांत ११७ वह्या.